गल्लीतल्या रस्त्याचे काम कसे तपासावे: नगरपरिषदेच्या सभेपासून ठेकेदाराच्या अनामतीपर्यंत

सिमेंटचा नवा रस्ता दुसऱ्याच पावसाळ्यात खडी दाखवू लागतो. मग गल्लीतले चारजण सह्यांचे निवेदन घेऊन नगरपरिषदेत जातात, निवेदन देताना फोटो काढतात, आणि प्रकरण तिथेच संपते. तोवर अंतिम देयक निघालेले असते, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजमापांची सरकारी वही) कपाटात गेलेली असते, कधी कधी ठेकेदाराची अनामतही परत झालेली असते. दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे माहिती अधिकारातला दोन पानी अर्ज: एवढा खर्च का केला, जबाबदार कोण, कारवाई का नाही? त्याला एका ओळीचे उत्तर येते आणि महिना वाया जातो.

दोन्हीकडे चूक एकच आहे. काम कोणत्या टप्प्यावर आहे आणि त्या टप्प्यावर कोणता कागद तयार होतो, हे न पाहता लोक थेट भांडायला जातात. खाली तो क्रम दिला आहे. तो महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींपुरता, म्हणजे नगरपरिषदांच्या १९६५ च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली चालणाऱ्या शहरांपुरता आहे. महानगरपालिकांचा कायदा वेगळा. उदाहरण रस्त्याचे घेतले आहे. गटार, पेव्हर ब्लॉक, सभामंडप यांनाही हाच क्रम लागू होतो, फक्त चाचण्या बदलतात.

## तयारी: अर्ज लिहिण्याआधी तीन गोष्टी शोधा

काम कोणाचे आहे? शहरातला प्रत्येक रस्ता नगरपरिषद करत नाही. मुख्य रस्ता बऱ्याचदा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतो, पाण्याची मोठी योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे असते, आणि आमदार निधीतल्या कामाची यंत्रणा जिल्हाधिकारी ठरवतात. नगरपरिषदेकडे दुसऱ्याच्या रस्त्याची माहिती मागितली तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत पुढे पाठवायला हवा. प्रत्यक्षात तो टेबलावर पडून राहतो.

कामाचे अचूक नाव काय? 'आमच्या गल्लीतला रस्ता' या नावाची नस्ती (कार्यालयातली फाइल) कोणाकडेच नसते. कागदावर ते 'प्रभाग क्र. ७ मध्ये अमुक यांचे घर ते तमुक यांचे घर सिमेंट काँक्रीट रस्ता करणे' असे असते. कामाच्या जागी माहिती फलक असेल तर त्याचा फोटो घ्या. कामाचे नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत आणि दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने बिघाड स्वखर्चाने दुरुस्त करायचा काळ), सगळे तिथे लिहिलेले असायला हवे. फलक नसेल तर नसल्याचाही फोटो घ्या, तारखेसकट.

पैसा कुठून आला? नगरपरिषदेचा स्वनिधी, पंधरावा वित्त आयोग, नगरोत्थान, नागरी दलित वस्ती सुधार, वैशिष्ट्यपूर्ण योजना, जिल्हा नियोजन समिती: लेखाशीर्ष (खर्च ज्या निधीच्या खात्यातून होतो ते) बदलले की मान्यता देणारा अधिकारी बदलतो, आणि तक्रार ऐकणाराही. दलित वस्तीच्या निधीतला रस्ता वस्तीबाहेर झाला असेल तर काँक्रीट कितीही चांगले असो, मूळ तक्रार जागेचीच आहे.

एक वही घ्या, पहिल्या पानावर तारखांचा तक्ता आखा: ठराव, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा प्रसिद्धी, लिफाफे उघडले, दरमान्यता (ठेकेदाराचा दर मंजूर), कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश), काम सुरू, काम पूर्ण, देयके. पुढचे सगळे काम म्हणजे हा तक्ता भरणे. अर्ध्या गडबडी तारखांच्या क्रमातूनच दिसतात, त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही.

## टप्पा १: सभेचा अजेंडा, ठराव आणि इतिवृत्त

कामाचा जन्म सभागृहात होतो, म्हणून सुरुवात तिथून करा. सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी आणि विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी निघावी लागते. नोटिशीबरोबर विषयपत्रिका असते. ती सूचना फलकावर लागते. तिचा फोटो काढणे हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. सभा बंद दाराआड घेण्याचे बहुमताने ठरले नसेल तर नागरिकाला ती बसून ऐकता येते. बोलता येत नाही. सभागृहात बसलेल्या माणसाने मध्येच उठून प्रश्न विचारला तर त्याला बाहेर काढले जाते आणि बातमी त्याचीच होते. विषय मागे पडतो.

विषयपत्रिकेत तीन जागा आधी बघा.

विषय क्रमांक १ बहुतेक वेळा 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' असा असतो. नगरसेवक त्या वेळी चहा घेत असतात, पण ठरावाचे अंतिम शब्द इथे पक्के होतात. सभेत 'रस्त्याला मंजुरी' एवढेच बोलले गेले आणि इतिवृत्तात 'रस्ता व आनुषंगिक कामांस, तसेच येणाऱ्या वाढीव खर्चास मंजुरी' असे आले, तर ते पकडण्याची हीच वेळ आहे. मागच्या सभेत तुम्ही हजर असाल तर आपल्या टिपणाशी ताडून पाहा आणि फरक दिसला तर आपल्या नगरसेवकाला त्याच दिवशी लेखी हरकत नोंदवायला सांगा. इतिवृत्त एकदा कायम झाले की पुढे 'सभेत असे ठरलेच नव्हते' हे सिद्ध करणे फार कठीण.

दुसरी जागा म्हणजे शेवट: आयत्या वेळचे विषय. नोटिशीत नसलेले विषय इथून आत येतात. खरोखर तातडीचे एखादे असते. बाकीचे असे असतात की आधी कळले असते तर कोणी तरी प्रश्न विचारला असता.

तिसरी, 'कार्योत्तर मंजुरी' हे दोन शब्द कुठे आहेत ते. म्हणजे काम आधी झाले आहे, सभेने आता हो म्हणायचे आहे. नगराध्यक्षांना तातडीच्या प्रसंगी काम करून घेण्याचा अधिकार आहे आणि ते नंतर सभेपुढे ठेवावे लागते. फुटलेली जलवाहिनी त्यात बसते. सुशोभीकरण कसे बसते, हे विचारायला हरकत नाही.

ठरावाची प्रत मागताना ठराव क्रमांक, दिनांक, सूचक आणि अनुमोदक या चारही गोष्टी त्यात आहेत ना पाहा. विरोध नोंदवला असेल तर तोही इतिवृत्तात यायला हवा.

> लक्षात ठेवा: २०२२ नंतर निवडणुका रखडल्याने बऱ्याच नगरपरिषदांवर प्रशासक होते. त्या काळातल्या कामाला सभेचे इतिवृत्त मिळणार नाही. तिथे 'प्रशासकांचे ठराव व त्यावरील टिपणी' असे मागा; टिपणी म्हणजे कार्यालयाने नस्तीत लिहिलेली नोंद. 'सभेचे इतिवृत्त' मागितले तर 'माहिती उपलब्ध नाही' हे उत्तर खरेच असेल.

## टप्पा २: अंदाजपत्रक आणि दोन मान्यता

अंदाजपत्रक हा या सगळ्या व्यवहारातला सर्वात उपयोगी कागद, आणि लोक सर्वात कमी मागतात तो. बातमीत फक्त रक्कम येते: 'वीस लाखांचा रस्ता'. त्या वीस लाखांत काय आहे, हे अंदाजपत्रकाच्या दोन भागांत असते. पहिला मोजमाप तक्ता, म्हणजे लांबी, रुंदी, जाडी आणि त्यावरून निघालेले घनमीटर. दुसरा गोषवारा, म्हणजे परिमाण गुणिले दर. दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतून येतात. पाण्याच्या कामाला जीवन प्राधिकरणाची दरसूची लागते.

प्रत मागताना 'मोजमाप तक्त्यासह' हे शब्द घाला. नाहीतर गोषवाऱ्याचे एक पान हातात पडते आणि त्यावरून जागेवर काहीच तपासता येत नाही.

हातात आल्यावर टेप घेऊन आधी लांबी-रुंदी मोजा. गल्ली १६० मीटरची आणि तक्त्यात २०० मीटर, असे असेल तर बाकीचे वाचण्याआधी तिथेच थांबा. मग बाबी वाचा: खोदाई आहे का, खालचा मुरूम आणि खडीचा थर आहे का, काँक्रीट कोणत्या प्रतीचे, कडेला गटार आहे का. गल्लीत खोदाई न होता जुन्या रस्त्यावरच नवा थर चढला आणि खोदाईचे पैसे मात्र लागले, हा प्रकार बघायला वेगळे ज्ञान लागत नाही. जुना रस्ता उखडला का, हे शेजारच्या आजीलाही माहीत असते.

प्रशासकीय मान्यता म्हणजे 'हे काम एवढ्या पैशात करायला हरकत नाही' असे सक्षम अधिकाऱ्याने म्हणणे. तांत्रिक मान्यता म्हणजे 'अंदाजपत्रक तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे' असे सक्षम अभियंत्याने म्हणणे. योजनेनुसार या दोन्हींतले आधी-नंतर बदलते. पण निविदा निघण्याआधी दोन्ही हव्यात. तक्त्यात निविदेची तारीख आधी आणि तांत्रिक मान्यतेची नंतर दिसली, तर तेवढा एक मुद्दा लेखी तक्रारीला पुरतो.

> तपासा: एकाच गल्लीचे 'अमुक घर ते मारुती मंदिर' आणि 'मारुती मंदिर ते तमुक घर' असे दोन तुकडे आहेत का? ई-निविदा कोणत्या रकमेपासून सक्तीची, हे शासन निर्णयाने ठरते आणि ती मर्यादा वेळोवेळी बदलली आहे. दोन्ही तुकडे त्या वेळच्या मर्यादेच्या जरासे खाली बसत असतील, एकाच महिन्यात मंजूर झाले असतील आणि एकाच ठेकेदाराकडे गेले असतील, तर दोन्हींची अंदाजपत्रके शेजारी ठेवून मुद्दा मांडा. एकटा तुकडा पाहून काही दिसत नाही.

## टप्पा ३: निविदा खुली असतानाच उतरवून घ्या

महाराष्ट्र शासनाच्या महाटेंडर्स या संकेतस्थळावर निविदा पाहायला खाते लागत नाही, डिजिटल स्वाक्षरीही लागत नाही; ती फक्त भरणाऱ्याला लागते. कामाचे नाव तिथे बहुधा इंग्रजी अक्षरांत टाकलेले असते, म्हणून गावाचे आणि गल्लीचे नाव दोन-तीन तऱ्हेच्या स्पेलिंगने शोधा. सापडले की निविदा क्रमांक वहीत लिहा. पुढे निकाल शोधायला तोच कामी येतो.

निविदा खुली आहे तोवरच निविदा सूचना, अटी-शर्तींचा संच, परिमाण तक्ता आणि शुद्धिपत्रके उतरवून ठेवा. मुदत संपल्यावर हे कागद शोधणे आणि मिळवणे वाढीव काम होते.

वाचताना अटींवर वेळ घालवा. रस्त्याच्या कामात ठेकेदाराकडे यंत्रसामग्री असावी ही अट रास्त आहे. पण काँक्रीट किंवा डांबराचा प्लांट इतक्याच किलोमीटरच्या आत हवा, कार्यस्थळ पाहणीचा दाखला नगरपरिषदेच्या अभियंत्याकडूनच आणावा, त्याच शहरात काम केल्याचा अनुभव हवा, अशा अटी एकत्र आल्या की तालुक्यात नेमके कोण बसते ते बघा. पाहणीच्या दाखल्याची अट विशेष त्रासाची, कारण दाखला देणारा माणूस कोण निविदा भरणार आहे हे आधीच जाणतो. निविदापूर्व बैठक असेल तर हरकत तिथेच घेतलेली बरी; नागरिकाचे पत्र असले तरी ते नस्तीत लागते.

मुदत किती दिवसांची ठेवली आहे तेही मोजा. अल्प मुदतीची निविदा काढता येते, पण तिचे कारण टिपणीत लिहिलेले असावे लागते. ती टिपणी पुढे मागायची आहे.

## टप्पा ४: लिफाफे आणि दरमान्यता

लिफाफा क्रमांक १ मध्ये कागदपत्रे आणि बयाणा रकमेचा (निविदेसोबत भरायच्या अनामतीचा) पुरावा, लिफाफा क्रमांक २ मध्ये दर. पहिल्यात जो बाद झाला त्याचा दुसरा उघडला जात नाही. म्हणून कोण बाद झाले आणि कोणत्या कागदावरून, हा प्रश्न 'सर्वात कमी दर कोणाचा' याहून महत्त्वाचा. एकाला कागद नंतर देण्याची संधी मिळाली आणि दुसऱ्याला तशाच त्रुटीवर बाद केले, असे तांत्रिक छाननीच्या तक्त्यात दिसले तर ती जागा खुणेने ठेवा.

नगरपरिषदांत बी-१ म्हणजे टक्केवारीची निविदा सर्रास वापरतात: ठेकेदार अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त, एवढेच सांगतो. बी-२ मध्ये बाबवार दर असतो.

इथे एक गैरसमज मोडायला हवा. पंचवीस टक्के 'बिलो' म्हणजे नगरपरिषदेचे पंचवीस टक्के वाचले, असे सभेत टाळ्या घेत सांगितले जाते. वीस लाखांचे काम पंधरा लाखांत होणार असेल तर एकच प्रश्न विचारा: कमी झालेले पाच लाख कोणत्या बाबीतून निघणार? एक तर अंदाजपत्रक फुगवलेले होते, नाही तर काम पातळ होणार आहे, नाही तर पुढे 'जास्तीची बाब' म्हणून वाढीव देयक येणार आहे. फार कमी दराच्या निविदेवर अतिरिक्त सुरक्षा अनामत घेण्याची तरतूद यासाठीच असते. ती भरून घेतली का, कोणत्या तारखेला, हे मागा. उलट सगळे दर अंदाजपत्रकाच्या अर्ध्या-पाऊण टक्क्यात घुटमळत असतील तर रिंग, म्हणजे ठेकेदारांनी आपसांत दर ठरवून घेणे, झाल्याची शंका येते. पण ती शंकाच. पुरावा नसताना ठेकेदाराचे नाव घेऊन सोशल मीडियावर लिहू नका. नोटीस तुम्हालाच येईल आणि रस्ता तसाच राहील.

पहिल्या वेळी तीनपेक्षा कमी निविदा आल्यास साधारणपणे मुदतवाढ किंवा फेरनिविदा होते. तसे झाले नसेल तर कारण टिपणीत असेल. त्यानंतर तुलनात्मक तक्ता स्थायी समितीपुढे किंवा सभेपुढे जाऊन दर मंजूर होतो, करारनामा होतो आणि कार्यादेश निघतो. निवडणुकीची आचारसंहिता तोंडावर असताना एकाच दिवशी निघालेल्या कार्यादेशांची यादी वेगळी मागा, आणि त्यांच्या आवक-जावक क्रमांकांसह मागा. मागची तारीख टाकलेला कार्यादेश जावक क्रमांकात अडकतो.

## टप्पा ५: माहिती अधिकाराचा अर्ज, दीडशे शब्दांत

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांत लिहायचा असतो. त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखला जोडावा लागतो. माहिती का हवी, याचे कारण देण्याची गरज नाही. कलम ६(२) तसे स्पष्ट सांगते. उलट कारण लिहून लोक स्वतःचाच अर्ज लांबवतात.

'का' आणि 'कोण जबाबदार' विचारू नका. अधिकाऱ्याने नोंदीत असलेली माहिती द्यायची असते, मत बनवून द्यायचे नसते. कागदाचे नाव घ्या:

*विषय: प्रभाग क्र. ___, ___ ते ___ सिमेंट काँक्रीट रस्ता (निविदा क्र. ___). कालावधी: दि. ___ ते दि. ___.*
*१. मोजमाप तक्त्यासह मंजूर अंदाजपत्रक.*
*२. प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेचे आदेश.*
*३. तांत्रिक छाननी तक्ता, दरांचा तुलनात्मक तक्ता, दरमान्यतेचा ठराव.*
*४. करारनामा व कार्यादेश.*
*५. या कामाच्या मोजमाप पुस्तिकेतील पाने, मुखपृष्ठासह.*
*६. साहित्य चाचणी अहवाल.*
*७. अदा केलेली देयके.*
*८. वरील नस्तीचे टिपणी बाजूसह अवलोकन करू द्यावे.*

आठवा मुद्दा सोडू नका. प्रती मागितल्या की तुम्हाला तुम्ही नाव घेतलेले कागद मिळतात. नस्ती समोर बसून चाळली की ज्यांचे नाव माहीत नव्हते तेही दिसतात. आधी अवलोकन करून हव्या त्या पानांवर खूण करायची आणि तेवढ्याच प्रती घ्यायच्या, म्हणजे दोन रुपये पानाप्रमाणे पैसेही कमी लागतात. ठेकेदाराचा पॅन किंवा बँक खाते मागू नका. त्याचा काही उपयोग नाही आणि वैयक्तिक माहितीचे कारण देऊन सगळा अर्ज अडवायला निमित्त मिळते.

मुदती अशा. उत्तराला ३० दिवस. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर त्यापुढच्या ३० दिवसांत जोडपत्र 'ब' मध्ये पहिले अपील, त्याला वीस रुपयांचे तिकीट. त्याचा निकाल ३० दिवसांत, कारणे नोंदवून फार तर ४५. नंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. मुदत उलटून मिळालेली माहिती कलम ७(६) प्रमाणे विनाशुल्क द्यावी लागते, तेव्हा उशिरा आलेले पैसे भरण्याचे पत्र मुकाट्याने मान्य करू नका.

> इशारा: आवक शिक्का आणि सही असलेली पोच घेतल्याशिवाय अर्ज टेबलावर ठेवून येऊ नका. 'साहेब आल्यावर शिक्का मारतो' हे ऐकलेत तर स्पीड पोस्टाने पाठवा.

आणि वेळ साधा. कार्यादेश निघाल्याचे कळले की पहिल्या सहा मुद्द्यांपैकी तयार असलेल्या कागदांचा अर्ज लगेच करा. काम संपेपर्यंत थांबलात तर अंदाजपत्रक हातात येईल तेव्हा मोजायला जाडी शिल्लक नसेल. ती काँक्रीटखाली गेलेली असेल.

## टप्पा ६: काम चालू असताना

हा टप्पा दोन-चार दिवसांचा असतो आणि बाकीच्या सगळ्या कागदांचे मोल इथे ठरते.

काँक्रीट ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही कडांना लोखंडी चॅनेल लावलेले असतात. चॅनेलची उंची बरोबर १५ सेंटीमीटर भरते, आणि लोक तेवढे पाहून निर्धास्त होतात. मध्यभागी खालचा थर फुगवलेला असेल तर कडेला १५ आणि मधे १० अशी जाडी होते. म्हणून दोन्ही चॅनेलच्या माथ्यावरून सुतळी ताणून धरा आणि मधोमध सुतळीपासून खालच्या थरापर्यंत टेप सोडा. गल्लीच्या सुरुवातीला, मध्यावर, शेवटी आणि अधेमधे कुठेही. टेपवरचा आकडा आणि मागचे ओळखू येणारे घर एकाच फोटोत यायला हवे. मजुरांशी वाद घालू नका, काम अडवू नका. ते रोजंदारीवर आहेत आणि जाडी त्यांनी ठरवलेली नाही. रस्त्याला मुद्दाम दिलेला मधला उंचवटा नकाशात असेल तर हिशेबात धरा.

आता हिशेब. समजा रस्ता २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद, जाडी ०.१५ मीटर. म्हणजे १२० घनमीटर. सरासरी जाडी १२ सेंटीमीटर निघाली तर प्रत्यक्षात ९६ घनमीटर पडले. चोवीस घनमीटर, म्हणजे पाचवा हिस्सा, फक्त कागदावर आहे. डोळ्याला हे तीन सेंटीमीटर कधीच दिसत नाहीत.

पुढे ठोकळे. काँक्रीटची ताकद १५० मिलिमीटरच्या ठोकळ्यांवर २८ दिवसांनी तपासतात. एम-२० म्हणजे २८ दिवसांनी २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातल्या तक्त्याप्रमाणे ५० घनमीटरपर्यंत चार नमुने आणि पुढच्या प्रत्येक ५० घनमीटरला किंवा त्याच्या भागाला एक. आपल्या १२० घनमीटरला सहा नमुने झाले. एका नमुन्याचे तीन ठोकळे, म्हणजे अठरा. निविदेत चाचण्यांचे वेगळे प्रमाण दिले असेल तर ते धरा. ओतणी चालू असताना साचे जागेवर होते का, याचा एक फोटो घ्या. नंतर अहवाल हातात आला की त्यातली ठोकळे भरल्याची तारीख तुमच्या फोटोंच्या तारखेशी ताडा. काँक्रीट पडायच्या आधीची तारीख असलेले अहवाल आढळतात.

पाणी मारण्याची दखल फारशी कोणी घेत नाही. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस ओलावा टिकवावा लागतो, आणि बाजारात आज मिळणारे बरेचसे सिमेंट मिश्रच असते. आळी बांधून किंवा ओल्या गोणपाटाने. तिसऱ्या दिवशी रस्ता कोरडा पांढरा दिसला तर फोटो घेऊन त्याच दिवशी मुख्याधिकारी आणि अभियंता दोघांना लेखी कळवा. नंतर कळवून फायदा नाही, गेलेली ताकद परत येत नाही.

आणखी एक अधिकार लोकांना माहीत नसतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हेही येते. जाडीबद्दल वाद असेल तर कोअर (झालेल्या काँक्रीटमधून कापून काढलेला दंडगोल नमुना) काढून तपासणी करण्याची मागणी करताना या कलमाचा उल्लेख करा, आणि कोअरच्या जागा तुमच्या समक्ष ठरवाव्यात असे लिहा. जागा त्यांनी निवडल्या तर त्या चॅनेलच्या कडेलाच निघतात.

## टप्पा ७: मोजमाप पुस्तिका आणि देयक

मोजमाप पुस्तिका, सगळे तिला एमबी म्हणतात, हा देयकाचा पाया. तिची पाने आधीच क्रमांकित असतात. मोजमाप कोणी, कोणत्या तारखेला घेतले आणि कोणी तपासले, यांच्या सह्या तिथे लागतात. खाडाखोड असेल तर त्यावर सही हवी.

अंदाजपत्रकातले आकडे आणि एमबीतले आकडे अगदी शेवटच्या दशांशापर्यंत सारखे असतील तर खूश होऊ नका. खऱ्या मोजमापात दोन-चार सेंटीमीटर इकडेतिकडे होतातच. इतका मेळ बसणे म्हणजे टेबलावर बसून उतरवल्याचे लक्षण असू शकते. खोदाई आणि खडीचा थर अशा झाकल्या जाणाऱ्या बाबींच्या मोजमापाची तारीख काँक्रीटच्या आधीची आहे ना, ते पाहा. नंतरची असेल तर न दिसणारी गोष्ट कोणी मोजली, हा प्रश्न उरतो.

जास्तीच्या बाबींना वेगळी मंजुरी आहे का, मुदतवाढ दिली असेल तर दंड लावला की माफ केला, आणि त्रयस्थ तांत्रिक तपासणीचा अहवाल अंतिम देयकाच्या आधीचा आहे का, एवढे पाहिले की पुरते. ही तपासणी पुष्कळदा शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा तंत्रनिकेतन करते. अहवालाची खातरजमा तिथे थेट पत्र लिहून करता येते.

## टप्पा ८: तक्रार कोणाकडे, कशी

एक तक्रार, एक मुद्दा, एक पुरावा. 'भ्रष्टाचार झाला आहे' हे वाक्य कुठेही लिहू नका. 'अंदाजपत्रक पृष्ठ अमुकप्रमाणे जाडी १५ सेंमी, सोबतच्या पाच फोटोंत १० ते १२ सेंमी. अंतिम देयक अदा करण्यापूर्वी कोअर तपासणी करावी' असे लिहा. पहिले वाक्य दप्तरी दाखल होते, दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते.

कामाचा दर्जा आणि देयक यांची तक्रार मुख्याधिकाऱ्यांकडे, प्रत लेखा विभागाला. ही प्रत महत्त्वाची, कारण देयक लेखापालाच्या टेबलावरून जाते आणि लेखी हरकत समोर असताना सही करायला तो कचरतो. बेकायदा ठरावाबद्दल जिल्हाधिकाऱ्यांकडे. १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली ठरावाची अंमलबजावणी निलंबित करण्याचा अधिकार त्यांना आहे. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका शाखेत द्या. तिथून हालचाल झाली नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा जिल्हा लोकशाही दिन आहे, त्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो. पैशांच्या नोंदीतली गडबड असेल तर स्थानिक निधी लेखापरीक्षेला कळवा आणि मागच्या वर्षांच्या लेखापरीक्षण अहवालातले आक्षेपही मागवून पाहा. तुमच्या मुद्द्यासारखाच आक्षेप तिथे आधीच नोंदलेला सापडला तर तुमचे निम्मे काम झालेले असते.

## टप्पा ९: दोषदायित्व कालावधी

रस्ता झाल्यावर ठराविक काळ बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. तो काळ करारनाम्यात लिहिलेला असतो आणि काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणून काम पूर्णत्वाच्या दाखल्याची प्रत घेऊन ठेवा. त्याच गल्लीच्या दुरुस्तीची नवी निविदा या काळात निघाली, तर नगरपरिषद ठेकेदाराच्या खर्चाचे काम स्वतःच्या पैशातून करते आहे.

प्रत्येक पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच ठिकाणांचे फोटो घ्या. तडा, उघडी खडी, खचलेली कड दिसली की निविदा क्रमांक, पूर्णत्वाची तारीख आणि दोषदायित्व संपण्याची तारीख घालून मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्या, आणि शेवटची ओळ अशी लिहा: 'दुरुस्ती होऊन तिची मोजमाप पुस्तिकेत नोंद होईपर्यंत ठेकेदाराची सुरक्षा अनामत परत करू नये.' कालावधी संपायला दोन महिने उरले की हेच पत्र पुन्हा द्या, प्रत लेखापालाला, आणि दोन्ही पत्रांची पोच निविदेच्या कागदांबरोबर एकाच फाइलमध्ये लावा.